शंकेचा फायदा कोणाला

२००४ च्या उन्हाळ्यात दर महिन्याच्या एका शनिवारी मी एका माणसाच्या पिस्तुलाची नळी पाहत उभी राहत असे. ती कुठे वळते आणि कुठवर वळते हे पाहायचं, आणि घरी परतायच्या आधी त्याच्या पत्नीला जसंच्या तसं सांगायचं, एवढंच काम होतं. काम पत्नीनेच दिलं होतं.

दोघांना मी काका-काकू म्हणत असे. नातं काही नव्हतं. काका मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून डेट्रॉइटला आले, मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये नोकरी घालवली, अमेरिकेचे नागरिक झाले आणि निवृत्त होऊन ट्रॉयमध्ये राहत होते. काकू पुण्याच्या. माझा नवरा कामाच्या व्हिसावर आलेला, मी त्याच्या पाठोपाठ डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात मी एका दैनिकात उपसंपादक होते. इथे नोकरीची परवानगी नव्हती. गणपतीच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेत काकूंशी ओळख झाली आणि पुढच्या वसंतात त्यांनी मला फोन केला.

"पेपरवाली आहेस ना तू?" त्या म्हणाल्या. "मग दिसेल तेवढंच सांगशील. मला कौतुक नको आणि धीरही नको."

काका काउबॉय नेमबाजी खेळत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची हत्यारं घ्यायची, दोन रिव्हॉल्व्हर, लिव्हर ओढून गोळी भरायची रायफल आणि दुनळी शॉटगन. त्याच काळचे कपडे घालायचे आणि लोखंडी पट्ट्यांवर ठरलेल्या क्रमाने गोळ्या झाडायच्या. वेळ मोजतात. नेम चुकला की वेळेत सेकंद वाढतात. पंधरा वर्षं काका हा खेळ उजव्या हाताने खेळले. मग त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा बिघडला. कडेचं दिसे, मधलं दिसेना. पिस्तुलाच्या टोकावरची, नेम धरायची माशी त्या मधल्या धुक्यात नाहीशी होऊ लागली. डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही.

काकांनी एका हिवाळ्यात सगळं डावीकडे नेलं. हात, डोळा, कमरेचे पट्टे, सगळं. मुलगी शिकागोला होती. तिने फोनवर सांगितलं, "Dad, just stop." काकांनी ऐकून घेतलं आणि बेसमेंटमध्ये गेले. शेवटी काकूंनी एक अट घातली. खेळा, पण नळी एकदा जरी रेषेमागे गेली तर त्या दिवसापासून खेळ बंद. काकांनी वाद न घालता मान्य केलं. मात्र काकूंना ते स्वतः पाहणं जमेना. काका उभे राहिले की त्यांची नजर खाली जाई. म्हणून मी.

रेषा म्हणजे काय, ते सांगायला हवं. नेमबाज पट्ट्यांकडे तोंड करून उभा असतो. त्याच्या दोन्ही खांद्यांतून जाणाऱ्या सरळ रेषेच्या जरा पुढे, पट्ट्यांच्या बाजूला, एक रेषा मानलेली असते. ती जमिनीवर आखलेली नसते. हत्यार हातात असताना नळीने त्या रेषेच्या पुढेच राहायचं, कारण मागे माणसं असतात. बहुतेक वेळ हे सोपं आहे. अवघड एकाच ठिकाणी. दोन रिव्हॉल्व्हरांपैकी एक ज्या हाताने झाडायचं त्याच बाजूच्या कमरेला असतं, दुसरं पोटाच्या पलीकडच्या बाजूला, आडवं. ते आडवं पिस्तूल उपसताना नळी बाहेर, जवळजवळ मागे पाहते. म्हणून उपसण्याआधी पाय वळवावे लागतात. पिस्तुलाची बाजू पट्ट्यांकडे येईल असं अंग फिरवायचं, मग हात घालायचा. उजव्या हाताने झाडणारा एका दिशेने वळतो, डावखुरा बरोबर उलट्या.

काकांच्या बेसमेंटमधल्या कार्पेटवर चिकटपट्टीने पावलांचे आकार काढलेले होते. जुने पिवळे, नवे निळे. काका रिकाम्या हाताने तासन् तास निळ्यांवर पाय टाकत.

"भरतनाट्यम चाललंय," काकू जिन्यावरून सांगत. "अरंगेत्रम कधी ते कळवतील."

"तिकीट लावतो मी," खालून आवाज येई. "पहिली रांग तुला."

मैदान ट्रॉयच्या उत्तरेला, तासाभराच्या अंतरावर, मक्याच्या शेतांच्या मध्ये होतं. तीन बाजूंनी मातीचे उंच बांध आणि त्यांच्यापुढे प्लायवूडची दर्शनी भिंत. बँक, तुरुंग, दारूचा गुत्ता, सगळं एका फळीएवढ्या जाडीचं. पहिल्या दिवशी गाडीतून उतरले तेव्हा पार्किंगमध्ये लांब कोट घातलेला एक माणूस पिकअपच्या मागच्या फळीवर बसून डोनट खात होता. बाजूला घोळदार झगा आणि टोपी घातलेल्या बाई मुलाच्या स्ट्रोलरसारख्या ढकलगाडीत चार बंदुका उभ्या करत होत्या. प्रत्येकाने एक नाव घेतलेलं होतं आणि ते दुसऱ्या कोणाचं असून चालत नसे. वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्यांना एकमेकांची खरी आडनावं ठाऊक नव्हती. कोण काय करतो, हे मात्र हळूहळू कळे. लांब कोटवाला निवृत्त पोस्टमन होता. त्याच्याशी नेहमी वाद घालणारा टक्कल पडलेला गृहस्थ दातांचा डॉक्टर होता.

मी तयार होते ती गोंगाटासाठी. लक्षात राहिली ती शांतता. गोळ्या भरायचं टेबल वेगळं होतं. तिथे नेमबाज सहा घरांच्या पिस्तुलात पाचच गोळ्या भरतो आणि गोळीवर आपटणारा घोडा रिकाम्या घरावर टेकवतो. समोर दुसरा माणूस उभा असतो, तो फक्त पाहतो. झाडून झाल्यावर दुसऱ्या टेबलावर जाऊन प्रत्येक घर रिकामं आहे हे दाखवायचं, तिथेही एक माणूस पाहतो. या दोन टेबलांशी कोणी विनोद करत नाही. तिथून जायचं झालं तरी लोक मागून जातात. लग्नात होमाभोवती बसलेल्यांना ओलांडत नाहीत, तसं. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात इतकी हत्यारं मी एका जागी पाहिली नव्हती, आणि इतकी सावध माणसंही नाहीत.

मग पहिला नेमबाज उभा राहिला. टायमर वाजला आणि लोखंड बोलू लागलं. शिशाची गोळी पट्टीवर बसली की घंटेचा आवाज येतो. पट्टी लहान तर बारीक, मोठी तर खोल. चांगला नेमबाज असेल तर हे आवाज इतके जवळजवळ येतात की बोटांनी मोजता येत नाहीत. त्या दिवशी तो दातांचा डॉक्टर होता. हातातला धूर विरायच्या आत त्याची दोन्ही पिस्तुलं परत कमरेच्या पट्ट्यात गेली होती, आणि तो मागे वळून विचारत होता, "कॉफी संपली का?"

आमच्या व्हिसावर बंदूक बाळगायला, नुसती वापरायला घ्यायलाही कायद्याची आडकाठी होती. काही अपवाद होते. माझ्या नवऱ्याला अपवादात शिरायचं नव्हतं. "हात लावू नकोस यार, उगाच लफडं," तो म्हणाला होता. पण मैदानावर रिकामं कोणी बसत नाही. पोस्टमनने, जो बहुतेक वेळा टायमर धरत असे, मला चुका मोजायला उभं केलं. नेमबाजाच्या मागे, डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये, अशी तीन माणसं असतात. शेवटी तिघं चुकलेल्या गोळ्यांएवढी बोटं वर करतात आणि दोघांचं जुळलं की तो आकडा लागतो.

"नियम एक," पोस्टमन म्हणाला. "चुकला अशी खात्री असेल तर चुकला. बाकी काहीही असेल तर लागला."

"आणि चुकला असं वाटलं तर?"

"वाटलं तर लागला."

"नक्की वाटलं तर?"

"बाई, नक्की वाटणं म्हणजेसुद्धा वाटणंच."

दैनिकात आम्ही उलटं करत असू. वाक्याबद्दल शंका आली की वाक्य काढून टाकायचं. इथे शंका आली की गोळी ठेवायची. दोन-तीन शनिवार मला हे सवयीचं व्हायला लागले.

जाता-येता गाडी काकू चालवत. काका शेजारी, मी मागे. बंदुका डिकीत, कुलूपबंद पेट्यांमध्ये. गोळ्या निराळ्या डब्यात. काकांची सगळी मतं मी त्या रस्त्यावर ऐकली.

"घरात गन आहे म्हणून तुम्हाला सेफ वाटतं का हो काका?" मी एकदा विचारलं.

"छे. सेफ वाटायला दाराला कुलूप आहे न. गन आहे म्हणून उलट जिम्मेदारी वाटते."

"तीन वेळा उठून कपाट बघतात," काकू म्हणाल्या. "दार उघडं राहिलं तरी चालेल."

"ज्याला गन हातात घेतल्यावर मोठं झाल्यासारखं वाटते," काका म्हणाले, "त्यानं ती खाली ठेवावी. मला विचारशील तर कारच्या लायसन्सला घेतात तशी परीक्षा घ्यावी, लेखी अन् हाताची. पोस्टमनला हे पटत नाही. तो म्हणते सरकारनं माझ्या कपाटात नाक घालू नये. आम्ही दहा वर्षं भांडून राहिलो."

"आणि?"

"आणि काय? तो माझ्याच थर्मासमधला चहा पिऊन भांडते."

बातम्यांतल्या हत्यांबद्दल मी विचारलं तेव्हा त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. ज्याच्यापाशी आहे असं तो म्हणते, त्याला दोनदा विचार." रेडिओवर कोणी आवाज चढवून बंदुकांच्या बाजूने बोलू लागलं की ते स्टेशन बदलत. विरोधात बोलू लागलं तरी बदलत. शेवटी गाडीत हवामानाचंच स्टेशन चाले.

त्यांच्या बाकीच्या मतांना आणि या मतांना एकच शिस्त होती. सुरी देताना मूठ पुढे करावी. शिडीवर चढलेल्या माणसाशी बोलू नये. स्वयंपाकघरात गरम भांडं घेऊन कोणाच्या पाठीमागून जाताना आवाज द्यावा. बर्फात जोरात ब्रेक लावायची वेळ आली म्हणजे चूक आधीच्या चौकातच झालेली असते, ब्रेक बिचारा निमित्त. वरणात मीठ घालण्याआधी चाखावं. शेवटच्या मतावर काकू म्हणत, "म्हणजे माझ्या वरणावर भरवसा नाही." काका म्हणत, "भरवसा आहे म्हणून तर चाखतो. नसता तर सरळ मीठ घातलं असतं."

एक गोष्ट काकूंनी सांगितली, काका झोपलेले असताना. २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतरचा पहिला शनिवार होता. सावळा, दाढीवाला माणूस, डिकीत लांब बंदुका, खेड्यापाड्यांतला रस्ता. काकू म्हणाल्या कॅन्सल करा, आणि काकांनी केलं. सकाळी दारात पोस्टमन उभा. लांब कोट, हॅट, सगळा वेष. शेजारी खिडक्यांतून पाहत होते. त्याने काकांच्या पेट्या स्वतःच्या ट्रकमध्ये ठेवल्या आणि सांगितलं की तू रिकाम्या गाडीने माझ्या मागे ये, कोणी थांबवलं तर मला थांबवेल. वाटेत कोणीही थांबवलं नाही. मैदानावर पोहोचल्यावर त्याने पेट्या उतरवून दिल्या आणि दिवसभर त्या विषयावर एक शब्द काढला नाही. "मी त्याला गुलाबजाम दिले," काकू म्हणाल्या. "दुसरं काय देणार?"

एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट. प्रत्येक शनिवारी मी पाहिलं आणि प्रत्येक शनिवारी काकूंना सांगितलं की नळी रेषेच्या आत होती. खरंच होती. काका आता वेगाने खेळत नसत. आडव्या पिस्तुलाकडे यायच्या आधी ते क्षणभर थांबत. पाय निळ्या खुणांवर असल्यासारखे पडत, अंग फिरे, मग हात जाई. त्या थांबण्यामुळे ते यादीत खाली गेले होते. त्याची त्यांना फिकीर नव्हती. नेम मात्र परत आला होता. पासष्टी ओलांडलेला माणूस एका हिवाळ्यात दुसऱ्या हाताने, दुसऱ्या डोळ्याने, आरशातल्यासारखं सगळं उलटं शिकतो आणि लोखंड वाजवतो, हे पाहताना बोटं वर करायची मला आठवण राहत नसे. बऱ्याचदा वर करण्यासारखं काही नसेही.

सप्टेंबरात वर्षाची मोठी स्पर्धा होती. दुसऱ्या गावांतून लोक आले होते. सहा डाव, प्रत्येक डावाची निराळी रचना. काकूंनी काकांना नवं जाकीट शिवलं होतं, इरकली साडीच्या काठाचं. दातांच्या डॉक्टरने कापड बोटांनी चाचपून विचारलं, "हे कुठल्या टेरिटरीतलं?" काका म्हणाले, "सोलापूर टेरिटरी. फार वाइल्ड." काकू मांडवाखाली घडीच्या खुर्चीवर बसल्या. हातात दुसऱ्या कोणाच्या तरी कोटाचं काज होतं.

तिसऱ्या डावाला काका उभे राहिले. बँकेची भिंत, खिडकीच्या चौकटीपुढे टेबल. आधी रायफल, मग डाव्या कमरेचं पिस्तूल, मग उजवीकडचं आडवं, शेवटी शॉटगन. काका आता डावखुरे म्हणून पोस्टमन टायमर घेऊन त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभा होता. चुका मोजायला डावीकडे बाहेरगावचा एक जण, डॉक्टर मध्ये. मी उजवीकडे.

टायमर वाजला. रायफल स्वच्छ वाजली. काकांनी ती नळी पुढे करून टेबलावर ठेवली. पहिलं पिस्तूल, पाच घंटा. ते परत कमरेला गेलं. नेहमीचं ते क्षणभराचं थांबणं आलं नाही. उजवा पाय पुढे यायला हवा होता. तो मागे गेला. हात त्याच वेळी आडव्या पिस्तुलावर पोचला होता आणि पिस्तूल अर्धं बाहेर आलं होतं. मग पाय थबकला, पुढे आला, अंग फिरलं, नळी पट्ट्यांकडे गेली. हे सगळं एका श्वासाच्याही आत झालं. पुढच्या पट्ट्या वाजल्या नाहीत. काकांनी घोडा ओढलाच नाही. पिस्तूल त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं, नळी बांधाकडे, आणि दोन्ही हात त्याच्यापासून दूर घेतले.

"काय झालं? अडकलं?" पोस्टमनने विचारलं.

"लाइन," काका म्हणाले. "मी लाइन तोडली असेल."

"मी पाहिलं नाही."

"तू डावीकडे होतास."

"असेल म्हणजे काय? तोडली की नाही?"

"पाय चुकले, ते नक्की. नळी कुठवर गेली ते मला माहीत नाही."

"मग तोडली नाही," पोस्टमन म्हणाला. "कोणीच पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही."

डॉक्टर पुढे आला. "घोडा ओढलेला नव्हता. त्या पिस्तुलातून गोळी सुटणंच शक्य नव्हतं. आणि मला तर तुझी पाठ दिसत होती, बाकी काही नाही. सोड."

काका माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलले. मैदानावर ते माझ्याशीही इंग्रजीतच बोलत, म्हणून लोकांनी वळून पाहिलं.

"तू उजवीकडे होतीस. सांग."

मी जे पाहिलं ते पुन्हा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. पाय मागे गेलेला पाहिला होता. पिस्तूल अर्धं बाहेर आलेलं पाहिलं होतं. नळीचं तोंड, ते काळं भोक, क्षणभर माझ्या बाजूला आलेलं पाहिलं होतं. ते समोरून पाहिलं तर गोल दिसतं, बाजूने पाहिलं तर लांबट. गोल दिसलं असेल तर नळी रेषेमागे, माझ्यावर होती. लांबट दिसलं असेल तर नव्हती. गोल की लांबट, ते मला सांगता येत नव्हतं.

"मला खात्री नाही काका," मी म्हणाले. आणि का नाही, तेही सांगितलं.

"काय म्हणते?" पोस्टमनने विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं.

"झालं तर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मोकळेपण आलं. "खात्री नाही म्हणजे नाही. पिस्तूल रिकामं करून ये, डाव नव्याने खेळ. ती जबाबदारी माझी."

मागे उभ्या असलेल्यांनी माना हलवल्या. कोणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. काकांविरुद्ध काकांच्याच बाजूने सगळं मैदान उभं राहिलं होतं.

"तो नियम पट्ट्यांचा आहे," काका म्हणाले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "गोळी पट्टीला लागली की नाही, याची शंका आली तर फायदा मला द्या. त्यात कोणाचं काही जात नाही. इथे पट्टी नव्हती. त्या बाजूला ही उभी होती. शंका आहे म्हणते, तर फायदा हिचा. लिही."

 पोस्टमनने टायमर खिशात घातला आणि डावापुढे बाद असं लिहिलं.

"फक्त हा डाव," तो म्हणाला. "पुढचे तीन आहेत तुझे."

 काकांनी हत्यारं एकेक करून दुसऱ्या टेबलावर नेली. तिथल्या माणसाला प्रत्येक घर दाखवलं. तो "रिकामं" म्हणे, मगच ते पुढचं फिरवत. घाई केली नाही. अर्ध्या क्षणाच्या चुकीचा हिशेब द्यायला त्यांनी टेबलावर जितका वेळ लागतो तितका पुरता वेळ घेतला.

काकू उठून आल्या होत्या. सुई अजून बोटांत होती.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. पाय, पिस्तूल, भोक, गोल की लांबट ते माहीत नाही.

"खात्री नाही ना तुला?"

"नाही."

"मग झालं! अहो, खात्री नाही म्हणते ती."

"ऐकलं मी," काका म्हणाले.

"मग खेळा की पुढचे. आपलं ठरलं होतं ते रेषा ओलांडली तर. ओलांडली असं इथे एकही माणूस म्हणत नाहीये."

"तूच थांबवणार होतीस न मला?"

"मी थांबवणार होते. तुम्ही का थांबताय?"

काका थोडं हसले. कमरेचा पट्टा सोडायला त्यांना वेळ लागत होता. आकडा उलट्या बाजूला होता. काकूंनी सुई स्वतःच्या जॅकेटच्या कॉलरला टोचली आणि तो सोडवून दिला.

"हाताला शिकवलं," काका म्हणाले. "डोळ्याला शिकवलं. पायाला बी शिकवलं. पण तो मधेच विसरते अन् मला सांगत नाही."

"सराव वाढवा. मी बोलणार नाही भरतनाट्यम वगैरे. बेसमेंट पडलंय की."

"बेसमेंटमध्ये मागं माणसं उभी नसतात गं."

 पट्टा काकूंच्या हातात होता, दोन्ही रिकाम्या पिस्तुलांसकट, आणि तो जड होता. डॉक्टरने येऊन घेऊ का विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि स्वतःच गाडीपर्यंत नेला. पेट्यांना कुलूप लावताना त्या पाठमोऱ्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. "जेवायला थालीपीठं आहेत. पोस्टमनला सांग, लोणचं त्याच्यासाठी वेगळं आणलंय."

मी मात्र तिथेच उभी होते. पत्रकारितेत मी लोकांना चुका नाकारताना पाहिलं होतं, लपवताना पाहिलं होतं, क्वचित मान्य करतानाही पाहिलं होतं. जी चूक झाली की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, तिची पूर्ण किंमत भरताना कोणाला पाहिलं नव्हतं. आणि तीही आपल्याला सगळ्यांत आवडत्या गोष्टीने.

डाव संपल्यावर मैदान थंड झालं, म्हणजे सगळी हत्यारं टेबलांवर, आणि माणसं पुढे गेलेली असताना त्यांना कोणी हात लावायचा नाही. पुढच्या गटाआधी पट्ट्यांना पांढरा रंग मारायचा होता. काकांनी बादलीतून स्प्रेचे दोन डबे उचलले, एक मला दिला. डब्यातली गोळी खुळखुळली.

पट्ट्यांपर्यंत मी पहिल्यांदाच चालत गेले. दुरून त्या कोऱ्या वाटत. जवळून त्यांच्यावर शिशाच्या करड्या खुणा होत्या, फुटलेल्या थेंबांसारख्या. आमच्या गटात त्या पट्ट्यांवर शेवटचे काकाच झाडून गेले होते. त्यांच्या आधी रंग मारलेला होता, म्हणून खुणा फक्त त्यांच्याच. रायफलच्या मोठ्या पट्टीवर त्या एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की वेगळ्या मोजता येत नव्हत्या. पिस्तुलाच्या पट्टीवर पाच. हाताच्या तळव्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ, बरोबर मधोमध. शेजारची पट्टी, आडव्या पिस्तुलाची, तशीच पांढरी होती.

काकांनी मान जराशी वळवून डावा डोळा त्या पाच खुणांवर आणला. बोट लावलं नाही. डबा हलवला आणि वरून खाली एक, मग आडवा एक, असा रंग मारला. खुणा आधी ओल्या रंगात काळसर दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या.

"ती बी मार," ते म्हणाले, आणि कोऱ्या पट्टीकडे हात केला. "सारख्या दिसायला पाहिजेत. पुढचा माणूस येऊन राहिला."

मी मारली. मागून पोस्टमनने हाक दिली. काकांनी डबा उंच धरून दाखवला, आणि आम्ही बांधाकडे पाठ करून माणसांकडे चालत निघालो.